मोलीचा थर टिकवायचा असेल, तर आधी स्टील असं तयार करा

मोलीचा (मॉलिब्डेनम डायसल्फाईड या घन वंगणाचा) कोरडा थर पापुद्र्यासारखा सुटला, की दोष डब्यातल्या मालाला दिला जातो. खोट बहुतेक वेळा खालच्या स्टीलमध्ये असते.

सुरुवात तेल काढण्यापासून, ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कठीण कण मारून पृष्ठभाग खरबरीत करणं) त्यानंतर. उलट केलंत तर ग्रिट (म्हणजे ते कण) तेलकट होते आणि तेच तेल पुढच्या प्रत्येक जॉबवर (थर द्यायच्या भागावर) चोपडलं जातं. रॉकेलवर थांबू नका, ते मागे तेलकट पडदा ठेवतं. गरम अल्कली क्लीनरमध्ये धुवा, साध्या पाण्याने खळबळा, पाणी ओता. ते सलग पसरलं पाहिजे. थेंब गोळा होऊन फाटलं, तर तेल आहे, पुन्हा धुवा. सिलिकॉन स्प्रे त्या टेबलाच्या आसपासही नको, त्याने थराला माशाच्या डोळ्यासारखी छिद्रं पडतात.

ब्लास्टिंगला 120 ते 220 मेशची (मेश म्हणजे कणांच्या बारीकपणाचं माप) ॲल्युमिनियम ऑक्साईड ग्रिट घ्या. नदीची वाळू नको. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. बेअरिंगच्या जागा आणि आटे आधी झाका. पृष्ठभाग एकसारखा मॅट करडा दिसावा, खरखरीतपणा साधारण 0.5 ते 1 मायक्रॉन आरए (पृष्ठभागाच्या चढउतारांची सरासरी). चकचकीत स्टीलवर थराला पकड मिळत नाही. फार खरबरीत झालं, तर टोकं थरातून वर येतात आणि समोरचा भाग खरवडतात. कॉम्प्रेसरची हवा पांढऱ्या कापडावर मारून बघा. डाग किंवा ओल दिसली, तर फिल्टर बदलेपर्यंत काम बंद.

इथून पुढे घड्याळ बघायचं. ब्लास्ट केलेलं उघडं स्टील पावसाळ्यातल्या साकीनाक्याच्या गाळ्यात बघता बघता तांबूस होतं. 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो) सुमारे 27 अंश असतो. जॉब त्याहून किमान 3 अंश गरम हवा, म्हणजे त्या दिवशी खोलीच्या तापमानालाही तो जेमतेमच बसतो. एसी खोलीतून 22 अंशांवरचा जॉब बाहेर काढलात, तर त्यावर पाणीच सुटेल. आधी 40 अंशांपर्यंत गरम करा. हात लावायचा तर स्वच्छ ग्लोव्ह्ज घालूनच. घामातलं मीठ थराखाली गंज धरतं.

साध्या कार्बन स्टीलला मँगनीज फॉस्फेट (रसायनात बुडवून स्टीलवर धरवलेला स्फटिकांचा लेप) दिलं, तर पकड आणि गंजरोध दोन्ही वाढतात. बारीक स्फटिकांचंच मागा, आणि त्यावर तेल लावू नका असं फॉस्फेटिंगवाल्याला बजावून सांगा. सवयीने ते लावतात. स्टेनलेसवर फॉस्फेट बसत नाही, तिथे ब्लास्टिंगवरच भागवायचं. 40 एचआरसीच्या (रॉकवेल कठीणपणाच्या मापाच्या) आसपास किंवा त्याहून कठीण जॉबचा गंज ॲसिडने काढू नका, हायड्रोजन शिरून तो तडकू शकतो.

मग त्याच पाळीत स्प्रे करा, सुकल्यावर 8 ते 15 मायक्रॉन भरेल इतका. शाफ्टवर 10 मायक्रॉन म्हणजे व्यासात 20 वाढले. क्लिअरन्स (दोन भागांमधली फट) त्या हिशेबाने आधीच ठेवा. नंतर थर पक्का करायला जॉब ओव्हनमध्ये भाजायचा. भाजण्याचा वेळ मालाच्या डेटाशीटप्रमाणे, पण ओव्हनचा काटा वर गेला म्हणून नाही, जॉब स्वतः त्या तापमानाला पोचल्यावर मोजायला लागा. जाड जॉबला त्यासाठी अर्धा तास जास्तही लागतो.