मुंबई-दुबई: विमानाचा खरा वेळ कसा काढायचा

हवाई अंतर साधारण १,९३० किमी. त्याला ताशी ८५० किमीने भागलं की सव्वादोन तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास वर धरा. जाताना वारा बहुतेक वेळा समोरून, हिवाळ्यात जास्तच. म्हणून वेळापत्रकात सव्वातीन तास, येताना तीनच्या आसपास.

खरा घोळ तिकिटावर होतो. वेळा त्या-त्या शहराच्या असतात आणि दुबई दीड तास मागे. सकाळी १०:०० ला निघून ११:४५ ला पोहोचलात तर वजाबाकीत दीड तास मिळवा: सव्वातीन. परतीला उलट, दीड तास वजा. रात्री १०:३० चं विमान मुंबईत पहाटे ३:०० ला, म्हणजे तीनच तास. तारीख मात्र बदलते. घ्यायला येणाऱ्याला ती आधी सांगा.