श्रमदानाच्या छावणीत हाताला फोड येऊ नयेत म्हणून

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीसारख्या शिबिरात प्रथमच जाणाऱ्यांच्या तळहातांना पहिल्याच दिवशी फोड येतात आणि शिकण्याचे पुढचे दिवस हात सांभाळण्यात जातात. याचे कारण अनेकदा कुदळीचा सैल दांडा हे असते; प्रत्येक घावाला तो मुठीत किंचित फिरतो आणि कातडी घासली जाते.

१. आदल्या रात्री कुदळ बादलीत अशी उभी ठेवावी, की पाते नेढ्यासह (दांडा बसतो त्या भोकासह) पाण्यात बुडेल. लाकूड फुगते आणि सकाळपर्यंत दांडा घट्ट बसतो.

२. मुठीची जागा कोरडी ठेवावी. तेथे कूस टोचत असेल तर पॉलिश पेपरने घासून घ्यावी.

३. जुन्या धोतराची ४ बोटे रुंद पट्टी बोटांच्या मुळाशी, तळहाताभोवती गुंडाळावी. जाड हातमोज्यांपेक्षा हिने पकड चांगली राहते, असा माझा अनुभव आहे.

दांड्याला चीर असेल तर मात्र ती कुदळ लगेच बदलून मागावी, कारण भिजवल्यावर चीर बुजल्यासारखी दिसते, पण घाव घालताना पाते निसटून शेजारच्याला लागू शकते.