वावराची वाटणी: आर मोजण्याआधी रस्ता आणि विहीर

जमिनीचे हिस्से कशासाठी पाडायचे हे आधी ठरवावे, कारण भावांनी कसण्यासाठी केलेली वाटणी आणि विक्रीसाठी पाडलेले प्लॉट यांचे नियम वेगळे आहेत.

वाटणीत पहिला अडसर प्रमाणभूत क्षेत्राचा, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही त्या किमान क्षेत्राचा येतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ते जिरायतीस २० आर (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर) आणि बागायतीस १० आर आहे. ६० आर जिरायत वावराचे तीन वाटे काठोकाठ बसतात. चौथा वारस निघाला की प्रत्येकी १५ आर येऊन तुकडेबंदी कायदा आडवा येतो. अशा वेळी एकाने दुसऱ्या गटातला हिस्सा घेणे हाच मला व्यवहार्य मार्ग वाटतो.

क्षेत्र बसत असल्यास सर्व सहधारकांनी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. मालकीचाच वाद असेल तर तो आधी दिवाणी न्यायालयात मिटवावा लागतो.

अर्जासोबतच्या कच्च्या नकाशावर मात्र घाई करू नये. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहीर एकाच्या वाट्याला आणि बाग दुसऱ्याच्या, असे हमखास होते, आणि तिथे ‘विहीर सामाईक’ एवढे दोनच शब्द लिहून भागत नाही: पाण्याची पाळी किती दिवसांनी, मोटारीचे कनेक्शन कोणाच्या नावे, पाइपलाइन कोणाच्या वावराखालून आणि गाळ काढण्याचा खर्च कोणाकडे किती, हे सगळे लेखी असावे. रस्त्यालाही नुसते ‘गाडीवाट’ म्हणू नये. घड वाहणारे वाहन मागच्या हिश्श्यापर्यंत जाईल एवढी रुंदी मीटरमध्ये नमूद करावी.

नंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून खुणांवर दगड रोवून घ्यावेत आणि फेरफार मंजूर झाल्यावर स्वतंत्र सातबारा तपासावा, त्यात विहिरीची नोंद सुटलेली असू शकते.

प्लॉट पाडायचे असतील तर नगररचना कार्यालयाचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते याचा दाखला) सर्वांत आधी काढावा. रेखांकन (प्लॉटचा लेआउट) डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मंजूर होते, आणि ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड मुळे निवासी वापरासाठी सवलत मिळते, तरी बांधकामाची परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा या भागांत आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाणार असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ३६-अ ची परवानगी हाती आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.