हाडाच्या डॉक्टरांना दुखणं नीट कसं सांगावं

‘गुडघा दुखतोय’ एवढंच म्हणून एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवणारे पेशंट नाशिकच्या कुठल्याही हाडांच्या ओपीडीत रोज दिसतात. पण पन्नाशीनंतर पुष्कळांच्या एक्स-रेत झीज दिसतेच, दुखत असो वा नसो. तुमचा गुडघा कशाने दुखतो, हे बरंचसं तुमच्या हकिगतीवरून कळतं. ती घरूनच अर्ध्या पानावर लिहून न्या.

१. आधी जागा.
‘कंबर’ म्हणताना कुणी पाठीचा खालचा भाग दाखवतं, कुणी कुल्ला. त्यामुळे एका बोटाने दाखवा, आणि कळ कुठवर जाते तेही. खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं, कधी चक्क गुडघ्यात. कंबरेत नस दबली की कळ पोटरीतून पावलापर्यंत उतरते.

२. सुरुवात कशी झाली?
गाडी घसरली, पाय मुरगळला, तर सूज किती वेळात आली ते आठवा. दोन तासांत टम्म फुगलेल्या गुडघ्यात बहुधा रक्त साचलेलं असतं. मार लागलेला नसेल तर गेल्या काही महिन्यांत ताप येऊन गेला का, हे घरच्यांना विचारा. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात आणि तोवर पेशंट तो ताप विसरलेला असतो. रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर संशय गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचा.

३. सकाळ घड्याळ लावून बघा.
माझ्या मते अख्ख्या हकिगतीतला हाच सगळ्यात मोलाचा भाग, आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. उठल्यावर आखडलेले सांधे पाच-दहा मिनिटांत मोकळे होतात आणि दिवसभर वावरून संध्याकाळी ठणकतात, तर झिजेची शक्यता जास्त. अर्धा तास उलटून गेला तरी मूठ वळत नाही, काम करता करता मात्र बरं वाटतं, तर सूज आणणाऱ्या संधिवाताचा विचार करावा लागतो. दोन्हींचे उपचार पूर्ण निराळे. निफाडच्या थंडीत सगळेच आखडतात म्हणून सोडून देऊ नका. उन्हाळ्यातही तसंच होत होतं का, ते लिहा.

४. काम तपशिलाने सांगा.
नुसतं ‘शेती’ म्हणून भागत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर धरून छाटणी, विरळणी करणाऱ्याचा खांदा वेगळा आणि कांदा लागवडीला दिवसभर वाकणारीची कंबर वेगळी. सातपूर-अंबडला कारखान्यात असाल तर मशीनवर उभे असता की वजनं उचलता? आणि काय जमेनासं झालं: मांडी घालणं, उकिडवं बसणं, वेणी घालणं, सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या उतरणं?

५. औषधांची पिशवी तशीच न्या.
बीपी-शुगरच्या गोळ्या, आणि ‘त्या’ पुड्याही. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते फार दिवस पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. जास्त दारूनेही हेच होतं. मुलासमोर सांगणं अवघड वाटलं, तर त्याला खुशाल बाहेर बसवा. मधुमेह, पाळी कधी बंद झाली, पूर्वी किरकोळ पडून हाड मोडलं होतं का, हे एकेका ओळीत.

आईला किंवा आजीला घेऊन गेलात तर त्यांना बोलू द्या; तुम्ही फक्त राहिलेलं सांगा.

काही वेळा मात्र लिहीत बसू नका. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तापाबरोबर एखादा सांधा गरम होऊन सुजला, लहान मूल अचानक पाय टेकवेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारं वजन एकत्र असतील, तर मणक्याच्या टीबीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.