टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग शिकताना: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

बडोद्यात टी-शर्टची कामं येतात ती गणपती आणि नवरात्राच्या तोंडावर, म्हणजे इमल्शन (जाळीवर लावायचा, उजेडाने कडक होणारा थर) वाळायला सगळ्यात वाईट हवा असते तेव्हा. दांडिया बाजारातल्या एखाद्या मंडळाची ऑर्डर घेण्याआधी हे गणित डोक्यात असू द्या. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये (स्थापना १९५०) प्रिंटमेकिंग शिकवतात, पण टी-शर्टची छपाई घरच्या टेबलावरही शिकता येते. सुरुवातीचा बराच वेळ स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेली छपाईची जाळी, बनवण्यात जाईल. जाऊ द्या, खरं काम तेच आहे.

पहिलं डिझाइन एकाच रंगाचं करा. अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर केल्याशिवाय फाइल कुणाला देऊ नका, कारण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढता येते, मात्र काळा भाग उजेडासमोर धरल्यावर गडद दिसायला हवा. डिझाइन उलटं करून छापायचं नाही. उजेड देताना फ्रेमची टी-शर्टकडची बाजू वर ठेवून छापलेली बाजू इमल्शनला टेकवा. वरून अक्षरं उलटी दिसली की बरोबर.

टी-शर्टला ४३ टी मेश (सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी) पुरते. नवी जाळी भांड्याच्या साबणाने घासून धुवा, नाहीतर तेलकटपणामुळे इमल्शन सुटतं. दोन्ही बाजूंनी इमल्शनचा एकेक पातळ हात द्या आणि टी-शर्टकडची बाजू खाली ठेवून फ्रेम आडवी, अंधारात, पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात हात लावून कोरडी वाटली तरी आत ओल असते. अशी स्क्रीन उजेडात नीट पकत नाही आणि धुताना सगळा थर निघून येतो.

एक्स्पोजर म्हणजे स्क्रीनला उजेड देणं: काळ्या अक्षरांखालचं इमल्शन मऊ राहून धुताना निघतं, बाकीचं पकतं. त्याची वेळ दुसऱ्याकडून उसनी घेऊ नका. दिवा, अंतर, थराची जाडी, सगळ्यांनी ती बदलते. ट्रेसिंगवर काच ठेवा, पुठ्ठ्याने झाका आणि थोडं थोडं सरकवत एकाच स्क्रीनवर पाच-सहा वेळा तपासा. कमी पडलं तर धुताना कडा खातात. जास्त झालं तर बारीक जागा उघडतच नाहीत, आणि आधी बुजतो तो अनुस्वार: ‘मंडळ’चं ‘मडळ’ होऊन पन्नास छातींवर फिरतं. धुतल्यावर स्क्रीन उजेडासमोर धरून प्रत्येक अनुस्वार, मात्रा मोजून बघा. सुईने टोकरू नका, मऊ ब्रश आणि पाण्याचा फवारा वापरा. इमल्शनमधला सेंसिटायझर (उजेडाने थर पकवणारं रसायन) बायक्रोमेटचा असेल तर हातमोजे घालायलाच हवेत, ते विषारी असतं.

हलक्या रंगाच्या टी-शर्टला साधी पिगमेंट पेस्ट चालते. १०० ग्रॅम पेस्टला ३ ते ५ ग्रॅम पिगमेंट, म्हणजे रंग. रंग गडद करायच्या नादात जास्त घातलं तर तो बाइंडरला (पेस्टमधल्या चिकट पदार्थाला) धरत नाही आणि घासल्यावर उतरतो. काळ्या टी-शर्टवर ही पेस्ट दिसणारच नाही, तिथे दाट झाकणारी पांढरी लागते. फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) मिसळलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा.

टी-शर्ट फळीवर सपाट बसवा, पण खेचू नका. खेचलात तर काढल्यावर डिझाइन आखडतं. जाळी कापडापासून दोन-तीन मिलिमीटर वर हवी. ती कापडाला चिकटून राहिली की कडा पसरतात. आधी फ्रेम उचलून हलक्या हाताने जाळीवर शाई पसरवा, मग फ्रेम टेकवून स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) जवळजवळ उभी धरून एकच सलग ओढ. पुन्हापुन्हा ओढाल तर शाई खाली उतरून अक्षरांची पोटं भरतात, ‘श्री’ तर हमखास. मध्येच चहाला जायचं असेल तर जाळी शाईने भरून ठेवा, पाण्याची पेस्ट बघता बघता वाळते आणि भोकं बंद होतात.

वाळल्यावर पातळ कापड ठेवून कडक इस्त्री करा, वाफ बंद. एका जागी काही सेकंद, मग पुढे, अशी तीन-चार मिनिटं. दोन दिवसांनी एक टी-शर्ट साबणाने धुऊन बघा आणि मगच बाकीचे मंडळाला द्या. मोजणीत दोन-तीन टी-शर्ट जास्त धरा, आणि अक्षरांचा नमुना मंडळाकडून आधी लेखी मंजूर करून घ्या.