खाडीकाठच्या जुन्या धक्क्याचा इतिहास काढायचाय? मग गाळापासून सुरुवात करा

कोकणात खाडीकाठच्या कुठल्याही जुन्या पेठेत जा, कोणीतरी सांगतंच की इथे पूर्वी मोठमोठी गलबतं लागायची, आणि समोर बघावं तर नुसता चिखल. लोक मग "वैभवशाली बंदर" वगैरे लिहून मोकळे होतात. पण गलबतं यायची बंद का झाली आणि नंतर कुठे लागायला लागली, खरी गंमत तिथेच आहे.

पहिलं म्हणजे गावाला धक्का एकच होता असं धरून चालू नका. डोंगरावरची माती दर पावसाळ्यात खाली येते, खाडी उथळ होते, आणि माल उतरवायची जागा मुखाकडे सरकत जाते. राजापूरच बघा ना, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांची वखार लुटली ती इथलीच, म्हणजे तेव्हा काय व्यापार असेल, पण पुढे खाडी गाळाने भरली आणि मोठी जहाजं खालीच थांबायला लागली. तर तुमच्या गावातला बंदर रोड, बंदरवाडी, जुन्या वखारी असं सगळं नकाशावर मांडा, पाण्यापासून लांब असलं तरी मांडा.

मग गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळात सरकारने काढलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा, ऑनलाइन फुकट वाचता येतात. नुसतं गावाचं नाव सर्च करून थांबू नका, व्यापाराचं प्रकरण आणि खाड्यांचं वर्णन पण वाचा, भरतीला किती मोठी होडी कुठवर जायची ते बऱ्याचदा तिथे मिळतं. अर्थात लिहिणारे साहेब लोक, त्यामुळे खारवी (समुद्रावर जाणारे लोक), तांडेल (गलबताचे प्रमुख), हमाल यांच्याबद्दल फार काही सापडणार नाही.

त्यासाठी म्हाताऱ्या माणसांकडेच जावं लागतं. त्यांना साल विचारू नका, कोणाच्या लक्षात राहतं साल! "आजोबा, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी लाँच चालू होती का हो?" असं विचारा, की आपण १९६७ च्या अलीकडे की पलीकडे ते लगेच कळतं. रामदास बोट बुडाली ते १९४७. गावात एसटी कधी आली, पूल कधी झाला हे पण विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी खाडीपलीकडे माणसं नेणारी होडी, म्हणजे तर, बंद पडली ती पुलामुळेच, आणि गाळाचं नाव उगाच पुढे येतं.

वखारीची कौलं फुटून पडलेली असली तर एक उलटी करून बघा. मंगलोरी कौलावर कारखान्याचं नाव असतं, म्हणजे माल कुठून यायचा त्याचा एक धागा मिळाला. फक्त बासेल मिशनच्या कौलावर १८६५ दिसलं की वखार १८६५ ची म्हणून नाचू नका, ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, हा घोळ फार जण घालतात.

धक्का बघायला अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला जा, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरेसं उतरत नाही आणि खालच्या पायऱ्या दिसतच नाहीत. दगडावर कालवं कुठवर चिकटलीयत, होड्या बांधायच्या कड्या किती उंचीवर आहेत, सगळ्यात खालची पायरी गाळात गेलीय का, याचे फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढा. आणि चिखलात एकटे उतरू नका, वाट माहीत असलेला एखादा खारवी बरोबर घ्या.