आत्याच्या ओव्या उतरवून घ्यायच्या तर

घरातल्या म्हाताऱ्या बाईला समोर बसवून "एखादी ओवी म्हण ना" असं सांगू नका. माझी आत्या मुळशीतली. मी असंच विचारलं तेव्हा तिला कशाबशा चार ओव्या आठवल्या आणि ती बिचारी ओशाळली. चूक माझी होती. ओवी जात्याच्या फेऱ्यावर येते. हात रिकामे असले की शब्दही अडतात.

म्हणून आधी जातं बघा. बरेच दिवस पडून असेल तर पाथरवटाकडून टाकवून, म्हणजे टाकीने खरवडून घ्या. बोथट जात्यावर सगळा दम ओढण्यातच जातो, गाणार कशी? दळण थोडंच काढा, शेरभर नाचणी पुरे. वैरण, म्हणजे जात्यात टाकायचं धान्य, लहान मुठीने घालायची, म्हणजे फेरा हलका राहतो. फोन जात्यापासून लांब, दुमडलेल्या गोधडीवर ठेवा. मी जमिनीवर ठेवला होता, त्यात तासभर नुसती घरघर आली.

आता खरी गोष्ट. खुंट्याला दुसरा हात कुणाचा, यावर ओवी ठरते. मी समोर बसलो तेव्हा आत्या माझ्या वडिलांवर गायली:

सरलं दळण माझं, सुपात राह्यलं गहू
येशीच्या वाटेनं आला पाठीचा माझा भाऊ

चार दिवसांनी तिची थोरली जाऊ, आमची अक्का, समोर बसली. पहिली ओळ तीच. दुसरी मात्र अशी आली:

येशीच्या वाटेनं आलं दोघींचं भाऊ

अक्काला सख्खा भाऊ नाही. आत्याने तिला तो ओवीत दिला. ऐकताना माझा लिहिता हात थांबला होता. मग दोघींनी सासूच्या ओव्या काढल्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. खुंट्याला मी असतो तर त्या कधी निघाल्या नसत्या.

तेव्हा जोड्या बदलून बसवा: जाऊ, लेक, सून, शेजारीण. वहीत प्रत्येक ओवीशेजारी समोर कोण होतं ते लिहा. ओवीचे शब्द बदलले तर "आधी वेगळं म्हणाली होतीस" म्हणून टोकू नका, दोन्ही लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारीचं नाव-गाव नोंदवून. तेवढं तरी आपण पाळावंच.

भाषा सुधारू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या कविता मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं, आणि त्यात त्यांची खानदेशी बोली तशीच नांदते आहे. घरच्या माणसाने टिपताना कान असा ठेवावा. "राह्यलं"चं "राहिले" केलंत की ओवी तुमची होते, तिची राहत नाही.

शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवा. कुठली ओवी बाहेर जाऊ द्यायची नाही, ते तीच सांगेल; ती वहीतच ठेवा. भावाच्या ओवीखाली मी आत्याचं एकटीचं नाव लिहिलं होतं. तिने वही ओढून घेतली आणि म्हणाली, "अक्काचं लिव्ह. आदी तिचं."